गार्डसाहेबांचं सिसीत

अमरावती, २४ जून २०२५

प्रिय शकुन,

शालोम. पार्सल काल सोमवारी पोचलं. आत पुढीलप्रमाणे सामान मिळालं : ज्वारीचे पापड दोन डझन, मूगवड्या अर्धा किलो, लिंबाचं लोणचं एक बरणी (थोडं सांडलं, पण वाया गेलं नाही), नवी पांढरी शाल एक, तिला टाचणीने लावलेलं बिल रु. १२४०, आणि धर्मप्रचाराची पत्रकं दोन. पोस्टाचे तू रु. १८६ भरलेस. पत्रकं तू टाकली नसणार. तुझ्या यजमानांनी, वामनरावांनी टाकली असं धरून मी ती बाजूला ठेवली.

पापड, वड्या आणि लोणचं ठेवून घेतलं. शाल मात्र बिलासकट परत पाठवते आहे. घडी मोडलेली नाही, दुकानदार बदलून देईल. एवढे पैसे तू कुठून काढलेस ते मी विचारत नाही.

मामंजींना शाल दाखवली होती. त्यांना हल्ली कमी दिसतं. त्यांनी काठावरून बोट फिरवलं, चारही कोपरे चाचपले आणि विचारलं, "गोंडे कुठायत?" मी म्हटलं, ही बाजारातली आहे, शकुनने प्रेमाने पाठवली. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

शकुन, मी नवी शाल मागितलीच नव्हती. मला जुनं हवं आहे. काळ्या पट्ट्यांचं, चार कोपऱ्यांना चार गोंडे असलेलं, ज्याला वामनराव शाल म्हणतात आणि आम्ही सिसीत म्हणतो, ते. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी ते मामंजींच्या अंगावर होतं. मूर्तिजापूरला छोट्या गाडीवर गार्ड होते तेव्हा ड्यूटीच्या पिशवीत झेंड्यांच्या शेजारी तेच असायचं. सकाळी ते पांघरून प्रार्थनेला बसलेले तू इतकी वर्षं तुझ्या खिडकीतून पाहिले आहेस. आमच्यात माणूस गेला की त्याला त्याच्याच सिसीतात गुंडाळून मातीत ठेवतात. ठेवताना एक गोंडा कापून टाकतात, म्हणजे आता प्रार्थनेचं काम संपलं. तेव्हा फाटलं म्हणून पाठवायची लाज वाटत असेल तर वाटून घेऊ नकोस. फाटलेलं चालतं. डाग पडलेलं चालतं. फक्त ते त्यांचं असलं पाहिजे.

फोन केला की वामनराव उचलतात आणि तू चर्चच्या मंडळीच्या कामात आहेस असं सांगून ठेवतात. म्हणून पोस्टाने.

गुड फ्रायडेचं मी पुन्हा उगाळणार नव्हते. पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही, ती लिहिते. वामनराव सिसीत मागायला आले तेव्हा "नाटकाले खरं यहुदी वस्त्र पायजे, गार्डसाहेब," एवढंच म्हणाले. कोण घालणार ते मामंजींनी विचारलं नाही, कारण त्यांना ते ठाऊक आहे असं वाटलं. पेटीतून काढून, झटकून, स्वतःच्या हाताने दिलं. मागून मला म्हणाले, "येशूला घालणार असतील. तो आपल्यातलाच ना. इतकी वर्षं त्याला झगा घालून उभा करतात, यंदा नीट घालतील."

म्हणून ते आले, शकुन. आमचा पेसाह, बेखमीर भाकरीचा सण, चालू होता, तुमच्या मांडवातला समोसा चालत नव्हता, ऊन तर तुला माहीत आहे. तरी धुतलेला शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. येशू आला तो पांढऱ्या गाऊनमध्ये, खांद्यावर लाल ओढणी. मामंजी खुर्चीत पुढे सरकून पाहत राहिले. मग सिसीत आलं ते तुझ्या दिराच्या, किशोरच्या, पाठीवर. किशोर प्रमुख याजक, म्हणजे येशूला दोषी ठरवणारा यहुद्यांचा पुरोहित. पोरांनी हुर्यो केली, शेंगांची टरफलं फेकली. आणि तुमच्या शास्त्रात लिहिलं आहे तसं त्याने संतापून अंगावरचं वस्त्र दोन्ही हातांनी फाडलं. टाळ्या पडल्या. पुढे नाटकातला यहुद्यांचा जमाव ओरडला, याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या पोराबाळांवर असो. जमावात आपल्या गल्लीतली पोरं होती. ती एरवी आमच्याकडे मलिदा खायला यायची.

मी मामंजींना म्हटलं, चला, शब्बाथचा दिवा लावायचा आहे. घरी येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले.

"त्यानं तर घातलंच नाही."

पुढे पंधरवड्यातच यांनी इथल्या शिकवणीवर्गात हिशेबनिसाची नोकरी धरली आणि आम्ही अकोला सोडलं. तुला वाटलं असेल पगारासाठी.

सिसीत पाठव. पोस्टाचे पैसे मी देईन.

तुझी,
मिलका

अमरावती, ११ जुलै २०२५

प्रिय शकुन,

चिठ्ठी मिळाली. दोनच ओळी, पण तुझं अक्षर पाहून बरं वाटलं. तू लिहितेस, ते चर्चमध्ये नाटकाच्या पेटीत आहे, आणि वामनराव म्हणतात की गार्डसाहेबांनी मंडळीला दान दिलं.

दान कसं असेल ते तूच सांग. स्वतःचं कफन कोणी दान देतं का?

मी भांडत नाही. तुझ्याशी तर नाहीच. मला पटकन उत्तर सुचत नाही म्हणून लिहीत बसते. काल भांडी लावताना आठवलं, तू माझ्यासाठी एक वेगळी कढई घेतली होतीस. "इच्यात डुकराचं काईच शिजवत नाई मी, मिलकाबाई, बिनधास्त खाय," असं म्हणून तू ती वरच्या फळीवर उपडी ठेवायचीस. तुझी सासू म्हणायची, "जावयाची कढई हाय का ते?" आणि मामंजी शनिवारी विस्तवाला हात लावत नाहीत म्हणून तू सकाळी येऊन आमचा गॅस पेटवून जायचीस. कधी विचारलं नाहीस की देवाला गॅसचं काय पडलंय. मी नाताळात तुझ्या करंज्या वळायला बसायचे. मलाही कधी तुझ्या देवाबद्दल विचारावंसं वाटलं नाही. आपण विचारत नव्हतो म्हणून चाललं का, असं हल्ली मनात येतं. वामनरावांनी एकदा विचारलं असतं, मामंजींनी एकदा विचारलं असतं, तर सिसीत आमच्या पेटीतच राहिलं असतं.

यांना मी लिहिते ते माहीत नाही. ते म्हणतात, त्या घराचं नाव काढू नको. ते कामावर गेले की मी लिहिते आणि भाजी आणायला जाताना पोस्टाच्या पेटीत टाकते.

मामंजी बरे आहेत. भाकरी खातात, सकाळी उठून बसतात. काळजी नसावी.

तुला पेटी उघडता येत नसेल तर मीच येते.

मिलका

अमरावती, ४ ऑगस्ट २०२५

प्रिय शकुन,

गुरुवारी न कळवता आले. कळवलं असतं तर वामनराव घरी सापडले नसते. तुला अवघडल्यासारखं झालं ते मी पाहिलं.

तू आत होतीस, त्यामुळे सगळं बोलणं तुझ्या कानावर आलं की नाही ते मला कळलं नाही. म्हणून लिहिते. माझ्याकडून काही वावगं गेलं असेल तर तूच सांगशील.

वामनराव रविवारचा चर्चमधला संदेश लिहीत बसले होते. मला पाहून उठले, खुर्ची दिली. माणूस म्हणून त्यांनी मला कधी कमी लेखलं नाही, हे मी यांनाही सांगते. गार्डसाहेब कसे आहेत असं विचारलं. मी म्हटलं, वाट पाहतायत. कशाची, म्हणाले. मी सिसीताचं सांगितलं.

त्यांचं म्हणणं, प्रयोगाच्या शेवटी त्यांनी माइकवरून सगळ्यांसमोर आभार मानले, की आपले शेजारी श्री. शमुवेल यांनी हे मोलाचं वस्त्र मंडळीला दिलं. कोणी हरकत घेतली नाही. मी म्हटलं, आम्ही तेव्हा मांडवात नव्हतोच, उठून गेलो होतो. तर म्हणाले, मग दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचं होतं. ते बरोबर आहे, शकुन. दुसऱ्या दिवशी आम्ही सांगायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी आमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

खामगाव, वाशिमहून लोक आले होते, पुढच्या वर्षी प्रयोग मोठ्या मैदानात करायचा आहे, खरं यहुदी वस्त्र आहे म्हणून त्याची चर्चा झाली आहे, असं त्यांनी मला अभिमानाने सांगितलं. मी विचारलं, पुढच्या वर्षी पुन्हा फाडणार? तेव्हा किशोर दारातून म्हणाला, "नाई वहिनी, आता नाई फाटणार. म्या त्याले बॅगेले असते तशी चिकटपट्टी शिवून राहिलो. वढलं की टर्रकन आवाज येते, अन् मंग परत चिकटवून टाकायचं. तुमी टेन्शन नोका घेऊ."

त्याने ते मला धीर द्यावा म्हणूनच सांगितलं. त्याचा चेहरा इतका भला होता की मला हसू आलं. हसताना डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तो बिचारा गोंधळून निघून गेला.

मग मी विचारू नये ते विचारलं. म्हटलं, वामनराव, ते येशूच्या अंगावर का नाही घातलं?

ते म्हणाले, "येशूले? यहुद्याचं वस्त्र?"

"मग तो कोण होता?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत, दुखावले. म्हणाले, "मिलकाबाई, ज्याले तुमी मानतच नाई, त्याले काय घालाचं ते तुमी आमाले शिकवता?"

  याचं उत्तर परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत शोधलं. आम्ही त्याला मानत नाही, हे खरं आहे. आमच्यातला होता हेही खरं आहे. ही दोन्ही खरी कशी असतात ते मला मॅट्रिकपर्यंत कोणी शिकवलं नाही. मामंजींना विचारलं तर ते म्हणाले, "मार खाणारा आपला आणि मारणारा म्हणून ज्याला दाखवतात तोही आपलाच. नाटक त्यांचं." मग पाणी मागितलं.

चहा तू मला माझ्याच कपात दिलास, निळ्या फुलांच्या. म्हणजे अजून वेगळा ठेवला आहेस. पण कप देऊन तू आत गेलीस ती बाहेर आलीच नाहीस. मी निघाले तेव्हा चपला घालताना जरा वेळ लावला. तू आली नाहीस.

तुझी बाजू मी समजू शकते. त्या घरात तुला राहायचं आहे. पण एक शब्द बोलली असतीस तर मला घरी जाऊन मामंजींना सांगायला काहीतरी झालं असतं.

मिलका

अमरावती, २५ ऑगस्ट २०२५

शकुन,

मागे मी लिहिलं की मामंजी बरे आहेत, ते खरं नव्हतं. शाल पाहिली त्या आठवड्यापासून त्यांनी भाकरी सोडली आहे. पेज घेतात, तीही मी बसले तर. आता बसवत नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं, घरीच ठेवा.

हे तुला कळवायचं नव्हतं. दया येऊन तू दिलंस असं व्हायला नको होतं. त्यांचं आहे म्हणून यावं एवढंच वाटत होतं. आता तेवढी ऐट परवडत नाही.

सकाळी ते प्रार्थना म्हणायला लागतात तेव्हा दोन्ही हात डोक्यावरून मागे नेतात, पांघरल्यासारखे. हातात काही नसतं. यांनी स्वतःचं सिसीत त्यांच्या अंगावर टाकून पाहिलं. त्यांनी गोंडा चाचपला आणि म्हणाले, "हे तुझं आहे. तुला लागेल."

शकुन, मी वामनरावांकडे मागत नाही, मंडळीकडे मागत नाही. तुझ्याकडे मागते. चर्च झाडायची पाळी तुझी असते. किल्ली तुझ्या घरात खिळ्याला टांगलेली मी पाहिली आहे.

मिलका

अमरावती, ३० सप्टेंबर २०२५

प्रिय शकुन,

मामंजी नऊ तारखेला पहाटे गेले. तुला कोणाकडून तरी कळलं असेल, किंवा नसेलही.

इथे आमच्या माणसांचं कबरस्तान नाही, आणि प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते कुठून आणणार. म्हणून अॅम्ब्युलन्स करून सकाळीच ठाण्याला निघालो. यांचे चुलतभाऊ तिथे आहेत. दुसऱ्या दिवशी न्हाणं घालताना एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, "सिसीत आणलं ना त्यांचं?" हे म्हणाले, "राहिलं." एवढंच म्हणाले. त्या गृहस्थांना वाटलं गडबडीत घरी राहिलं असेल. माणसं अशा वेळी विसरतात. त्यांनी प्रार्थनालयाच्या कपाटातून एक काढून दिलं. कोणीतरी देणगी दिलेलं, कोरं होतं. त्याचा गोंडा कापला आणि मामंजींना त्यात गुंडाळलं. मी बायकांत मागे उभी होते. कोऱ्या कापडाला खळीचा वास येत होता.

सात दिवस तिथेच जमिनीवर बसलो. मग परत आलो. आलो तर खालच्या मजल्यावरच्या इंदूबाई पार्सल घेऊन वर आल्या. म्हणाल्या, तुमी निघाल्या त्याच दिवशी दुपारी पोस्टमन देऊन गेला. म्हणजे आमची गाडी तेव्हा फार तर जालन्याच्या पुढे असेल.

तुझी चिठ्ठी वर होती. "मीच काढून आणलं. घरी कोनाले ठाऊक नाई. गार्डसाहेबाले सांग, शकुनने पाठवलं."

कोणाला सांगू, शकुन.

तू ते धुतलंस. फाटलेलं शिवलंस, आणि टाका इतका बारीक घातलास की उजेडाला धरल्याशिवाय दिसत नाही. किशोरची चिकटपट्टी उसवून काढलीस, तिची भोकं तेवढी राहिली आहेत. हे करायला तुला दुपारच मिळत असणार, सगळे निजल्यावर. वामनरावांना कळेल तेव्हा तुला काय ऐकावं लागेल ते मला कळतं. की एव्हाना ऐकलं आहेस? एवढं तू केलंस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. आधी हे लिहिते, कारण पुढचं लिहिल्यावर हे खोटं वाटेल.

उघडून पसरलं तेव्हा डाव्या कोपऱ्यात, गोंड्याच्या वर, लाल ऑइलपेंटने काढलेला क्रूस दिसला. बोटाएवढा. त्याखाली ३७.

तुमच्या मंडळीची पद्धत मला नवीन नाही. सतरंज्या, पराती, गंज, बाजाची पेटी, सगळ्यांवर क्रूस आणि नंबर असतो. लग्नाकार्याला सामान बाहेर गेलं की परत ओळखू यावं म्हणून. किशोरच ब्रश घेऊन बसतो. आमच्या दारच्या मांडवाला तुमच्या सतरंज्या आल्या होत्या तेव्हा त्या क्रूसावर बसून आमच्या पाहुण्यांनी मलिदा खाल्ला आहे आणि कोणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

रॉकेल लावून पाहिलं. रंग गेला नाही, पसरला. आता कोपरा गुलाबी झाला आहे आणि क्रूस तसाच आहे.

यांना दाखवायचं नव्हतं, पण वास आला. त्यांनी कोपरा हातात धरून पाहिला. मला वाटलं ओरडतील. त्यांनी नीट घडी घातली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "आता हे त्यांचं झालं. परत पाठव." मी म्हटलं, शकुनने चोरून आणलंय, तिचं काय? ते म्हणाले, "तिला काय, ती भली आहे. सगळेच भले आहेत. अंगावर मात्र कपाटातलं कोरं गेलं."

मी परत पाठवलेलं नाही. पाठवलं तर पुढच्या वर्षी मैदानात पुन्हा किशोरच्या पाठीवर जाईल. ठेवलं तर कोणी पांघरणार नाही. पुरायला हवं, तर तेवढ्यासाठी ठाण्याला जाणं होत नाही. तूर्त ट्रंकेत आहे.

शकुन, मला एकच गोष्ट कळून घ्यायची आहे. तो नंबर कधी घातला? नाटक झाल्यावर लगेच, पेटीत ठेवताना, किशोरने बाकीच्या सामानाबरोबर रंगवून टाकला असेल, तर ती सवय झाली. न पाहता झालेली गोष्ट. मी यांना तसं सांगेन आणि मलाही सांगेन. पण माझं जूनचं पत्र तुमच्या घरी आल्यावर घातला असेल, म्हणजे एक म्हातारा यात निजायचं म्हणून थांबला आहे हे वाचून झाल्यावर कोणी ब्रश उचलला असेल, तर मग सव्वीस वर्षं आपण काय केलं ते मला पुन्हा पहिल्यापासून पाहावं लागेल. त्यातली कढईसुद्धा.

तू म्हणशील, आता कळून काय उपयोग. नाही काही. मामंजी परत येत नाहीत, आम्ही अकोल्याला परत येत नाही, आणि पुढच्या गुड फ्रायडेला पोरं तेच ओरडतील. हे मला माहीत आहे.

उद्या संध्याकाळी आमचा किप्पूरचा, पापांची क्षमा मागायचा, उपास लागेल. माणसामाणसातलं देव आपल्याकडे घेत नाही, ते आधी आपसांत मिटवून यायचं असतं. तुझं उत्तर तोवर पोचणार नाही. यंदा मी हे न मिटवताच उपास करणार आहे, असं पहिल्यांदाच होतं आहे.

कोणी घातला ते लिहू नकोस. नाव मला नको. तू जे लिहिशील ते मी खरं धरीन, तपासायला येणार नाही. सोबत माझा पत्ता घातलेलं पाकीट आहे, तिकीट लावलं आहे, आत कोरा कागद आहे. 'आधी' किंवा 'नंतर' एवढा एक शब्द लिही, आणि हे मिळेल त्याच दिवशी, दुपारी सगळे निजले की, पेटीत टाकून ये.

मिलका